कुरकुरणाऱ्या बापाची बाजू

महाविद्यालयाच्या वार्षिकात सहलीचे वर्णन नसेल तर तो अंक पुरा झाला असे कोणी मानीत नाही. पहाटेची थंडी, बसमधल्या भेंड्या, कोणाचा तरी हरवलेला डबा आणि शेवटी मावळता सूर्य. सहल मित्रांची असेल तर त्यात एखादे विसराळू सर असतात. सहल घरची असेल तर त्यात वडील असतात, आणि ते वडील हटकून कुरकुरे असतात. निघायला उशीर झाला म्हणून ते चिडतात, तिकिटाचा दर ऐकून त्यांचा चेहरा उतरतो, एकच किंमत ते दोन-दोनदा विचारतात, आणि घरातले सगळे आकाशपाळण्यात बसून ओरडत असताना ते खाली पिशव्या सांभाळीत घड्याळाकडे पाहतात. लेखक हसतो, वाचकही हसतात.

मी या बापाच्या बाजूने चार शब्द लिहावयाचे ठरविले आहे. तो नेहमी बरोबरच असतो असे माझे म्हणणे नाही. याच लेखात पुढे मी त्याच्याविरुद्धही लिहिणार आहे. पण ज्याला आपण त्याचा स्वभाव म्हणून हसतो त्यात हिशोबाचा भाग फार मोठा असतो, आणि भिवंडीत वाढलेल्या आपल्यासारख्या मुलांना तरी तो हिशोब वाचता यायला हवा.

मराठी विनोदाला घराबाहेर पडलेल्या गृहस्थाची फजिती नवी नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव झाला, पु. लं.च्या 'बटाट्याच्या चाळी'तले भ्रमणमंडळ झाले. ही माणसे आपल्याला इतकी प्रिय आहेत की सहलीला निघालेला प्रत्येक बाप आपण त्यांच्याच मापाने मोजतो. पण चिमणराव कारकून होता. त्याला महिन्याचा पगार होता आणि मागून मिळणारी रजा होती. घरी बसला म्हणून त्या दिवसाचे पैसे बुडाले असे त्याचे होत नव्हते. आमच्या गावात माग चालला तर मजुरी. बारा तासांच्या दोन पाळ्या, दिवसपाळी आणि रातपाळी. ताक्यात जेवढे कापड भरले तेवढ्याचे पैसे. वीज गेली, बीम संपला, सूत आले नाही, तर माणूस कारखान्याच्या दारात बिडी ओढीत बसणार आणि ते तास कोणाच्याही वहीत लिहिले जाणार नाहीत. अशा घरात सहलीची किंमत तिकिटापासून सुरू होत नाही. न भरलेल्या पाळीपासून ती सुरू होते. म्हणून इथल्या सहली बहुधा शुक्रवारी निघतात, कारण शुक्रवारी माग बंद असतात. मुलांची शाळा बुडते. ती बुडालेली परवडते.

पूर्वी बाप इतका कुरकुरत नसे असे जुनी माणसे सांगतात. मला ते पटते, आणि त्याचे कारण माणसात शोधण्यापेक्षा तिकिटात शोधावे असे मला वाटते.

आमच्या तालुक्यातली वज्रेश्वरीची यात्रा घ्या. १७३९ साली वसईचा किल्ला सर झाला आणि चिमाजी अप्पांनी देवीला बोललेला नवस फेडला, ते हे देऊळ. खाली तानसा नदी, अकलोलीची गरम पाण्याची कुंडे, आणि चैत्रात भरणारी यात्रा. तिथला पाळणा आपण सर्वांनी पाहिला आहे. पूर्वी तो लाकडी असे आणि माणसे आऱ्यांवर चढून आपल्या वजनाने तो फिरवीत. आता तो लोखंडी आहे, इंजिनावर चालतो आणि रात्री दिव्यांनी मढवतात. पण एक गोष्ट बदललेली नाही. पाळण्याचे पैसे पाळण्यापाशीच द्यावे लागतात. त्यामुळे यात्रेत बापाला काम असते. पाळणा की मौत का कुआँ, भेळ की उसाचा रस, हे त्याच्या समोर ठरते. "एकदाच बसायचं, मग भेळ," असे तो म्हणतो, आणि पोरे घासाघीस करून ते एकदाचे दोनदा करून घेतात. पाळणेवाल्याशी तो भाव करतो, धाकट्याला मांडीवर घेऊन अर्ध्या तिकिटात बसवतो, आणि आपण थोडे जिंकलो या आनंदात स्वतःही एखादी फेरी मारतो. खिशातले चाळीस रुपये उरले तर ते त्याने वाचविलेले असतात.

जगात सगळीकडे आधी हीच रीत होती. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस नावाच्या अभियंत्याने २६४ फूट उंचीचे चाक उभे केले. आजचा प्रत्येक आकाशपाळणा त्याचाच नातू. प्रदर्शनात शिरायला मोठ्या माणसाला ५० सेंट पडत आणि त्या चाकात दोन फेऱ्या घ्यायला आणखी ५० सेंट. म्हणजे आत आलेल्या माणसाला अजून एकदा विचार करायची संधी होती. १९५५ साली अमेरिकेत डिस्नेलँड सुरू झाले तेव्हाही प्रवेशाचे पैसे वेगळे आणि खेळांचे वेगळे. लवकरच तिथे खेळांच्या तिकिटांची पुस्तके निघाली, खेळांच्या प्रती लावल्या, चांगल्या खेळाला चढ्या अक्षराचे तिकीट. ही पुस्तके १९८२ साली बंद झाली. त्यानंतर दारातच एकदा सगळे पैसे भरा आणि आत हवे तितके बसा, ही पद्धत पक्की झाली.

आपल्याकडे हा सगळा प्रकार आला तोच १९८० नंतर. दिल्लीत प्रगती मैदानावर १९८४ साली अप्पूघर निघाले, मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेल वर्ल्ड निघाले आणि खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका. आपल्या बहुतेक उद्यानांत आज एकरकमी तिकिटाचीच चाल आहे. ऐकायला ती सोयीची वाटते. मुलांना तर ती स्वर्गासारखी वाटते. पण तिने बापाचे काय केले ते पाहा. यात्रेतला बाप दिवसभर थोडे थोडे देत होता आणि प्रत्येक देण्यात त्याचा शब्द होता. उद्यानातला बाप सकाळी साडेदहा वाजता खिडकीवर सगळे देऊन मोकळा होतो आणि उरलेला दिवस त्याला करायला एकच काम उरते, ते वसुलीचे. "एवढे पैसे भरलेत, बसा की!" "दोनच झाले? अजून अर्धं उद्यान राहिलंय." "पाऊस आला म्हणून काय झालं?" अर्थशास्त्राच्या तासाला आम्हाला घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम शिकवितात. पहिल्या लाडवाची गोडी पाचव्याला राहत नाही. हा नियम मोडलेला ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी एकरकमी तिकिटाच्या उद्यानात दुपारी चार वाजता जावे. मळमळणारी मुले आठव्यांदा पाळण्यात चढताना दिसतील, कारण खाली पैसे भरलेला बाप उभा आहे.

या तिकिटात सरकारचाही वाटा असतो. १ जुलै २०१७ला वस्तू व सेवा कर आला तेव्हा अशा उद्यानांच्या तिकिटावर तो २८ टक्के होता. जानेवारी २०१८मध्ये तो १८ टक्क्यांवर आणला. मेरी-गो-राऊंडवर बसणे ही चैन आहे असे आधी ठरले आणि मग ती थोडी कमी चैन आहे असे ठरले. त्याच २०१७ साली भायखळ्याच्या राणीच्या बागेचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झाले आणि पुष्कळ ओरड झाली. पण त्या दरपत्रकात एक ओळ मला फार आवडली. आई, वडील आणि दोन मुले मिळून १०० रुपये. कुटुंब ही एक वस्तू आहे हे महापालिकेला तरी सुचले.

आता आमच्याच घरची एक सहल सांगतो. दोन वर्षांपूर्वीची. उद्यानाचे नाव सांगत नाही. ज्यांनी अशी दोन-चार पाहिली आहेत त्यांना ते कोणते याने फरक पडणार नाही.

माझे वडील जॉबर आहेत. माग बिघडला की जो तो दुरुस्त करतो त्याला आमच्याकडे जॉबर म्हणतात. धोटा उडतो आहे, पट्टा घसरतो आहे, तार तुटते आहे, की आधी त्यांनाच हाक जाते. तीस वर्षे त्यांनी या खडखडाटात काढली आहेत. ज्यांनी यंत्रमागाचा कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांना त्या आवाजाची कल्पना लेखातून येणार नाही. शेजारच्या माणसाशी बोलायचे तर तोंड त्याच्या कानाशी न्यावे लागते, नाहीतर हातवारे करावे लागतात. तीस वर्षांनी कान जातात. एकदम जात नाहीत, झिजतात. ज्याला कमी ऐकू येते तो मोठ्याने बोलतो, आणि मोठ्याने बोलणाऱ्याचे साधे बोलणेही परक्या लोकांना भांडण वाटते. "पाणी कुठं मिळंल?" हा प्रश्न बाबांनी विचारला की चार माणसे वळून पाहतात. बाबांच्या कुरकुरीपैकी निम्मी अशी नुसत्या आवाजाची आहे.

आम्ही शुक्रवारी निघालो. अंजूरफाटा, काल्हेर, आणि मग कशेळीच्या पुलावर नेहमीप्रमाणे गाड्यांची रांग. तिकिटाच्या खिडकीवर काच होती आणि काचेपलीकडे एक मुलगी. बाबांनी दर विचारला. तिने सांगितला. बाबांनी पुन्हा विचारला. तिने पुन्हा सांगितला. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मागच्या रांगेतले एक कुटुंब हसले आणि त्यांच्यातला एक मुलगा म्हणाला, "अंकल, उतना ही है, कम नहीं होगा." दर जास्त आहे म्हणून बाबा विचारीत होते असे त्याला वाटले. काचेमागचे त्यांना ऐकूच येत नव्हते. माझी धाकटी बहीण तेव्हा सहावीत होती. ती माझ्या शेजारी उभी होती आणि तिने मान खाली घातली. मी पुढे होऊन पैसे भरले. चौघांचे मिळून जे झाले ते बाबांच्या सहा पाळ्यांचे होते. हे मी आता लिहिताना काढलेले गणित नाही. खिडकीपासून दारापर्यंतच्या वीस पावलांत बाबांनी ते मोठ्याने सांगितले.

दारात पिशव्या तपासल्या. बाहेरचे खाणे आत नेता येत नाही. आईने पहाटे चार वाजता उठून केलेल्या चपात्या, बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी एका टेबलावर ठेवून त्याची चिठ्ठी घ्यावी लागली. बाबा भांडले. तो पोरगा तरी काय करणार, त्याला नेमून दिलेले काम. आई एवढेच म्हणाली, "जाऊ द्या हो." दुपारी आतल्या उपाहारगृहात आम्ही तिघांनी खाल्ले. बाबांनी भूक नाही म्हणून चहा घेतला. संध्याकाळी चिठ्ठी देऊन डबा परत मिळाला तेव्हा भाजीला वास लागला होता. बाबांनी कोरड्या चपात्या चटणीशी बसमध्ये खाल्ल्या, पाच की सहा.

पण मला सांगावयाची गोष्ट वेगळीच आहे. एका मोठ्या फिरत्या पाळण्यापाशी आम्ही रांगेत उभे होतो. बाबा रांगेबाहेर, कठड्यापाशी. त्यांना खूप आग्रह केला. ते म्हणाले, "दिवसभर मशीनपाशीच असतो. पैसे देऊन मशीनमध्ये कशाला बसू?" आम्ही हसलो. मग त्यांनी कठड्याच्या नळीवर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. ज्याला कानाने कळत नाही त्याला हाताने कळते. सगळे जुने जॉबर असेच करतात. ते मोठ्याने म्हणाले, "बेअरिंग वाजतंय." रांगेतली माणसे आमच्याकडे पाहू लागली. धाकटी पुटपुटली, "बाबा, प्लीज." बाबा सरळ चालवणाऱ्या पोराकडे गेले आणि ग्रीस कधी घातले होते ते विचारू लागले. तो पोरगा विशीतला, उत्तर प्रदेशातला. आधी तो वैतागला, मग बोलू लागला, मग आमची फेरी संपली तरी दोघे बोलतच होते. त्याने बाबांना मोटर दाखविली, गिअरची पेटी दाखविली, रोज सकाळी नट कोण आवळतो ते सांगितले. त्याची पाळी किती तासांची, राहतो कुठे, गावी पैसे किती पाठवतो, हेही बाबांनी विचारून घेतले. अख्ख्या दिवसात बाबा तेवढी पंधरा-वीस मिनिटे खुशीत होते.

या प्रसंगाला हसावे की नाही? मी सांगतो त्या गोष्टी लक्षात ठेवून हसावे. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ लंबकासारखा झुलणारा पाळणा तुटून खाली आला आणि दोघांचा जीव गेला. सप्टेंबर २०२२मध्ये मोहालीच्या मेळ्यात उंचावर चढणारा पाळणा माणसांसकट खाली कोसळला. ती चित्रफीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. यंत्र म्हटले की ते झिजणार. आमच्या गावात हे शाळेत शिकवावे लागत नाही. पाळण्यात बसलेल्या शंभर माणसांपैकी नव्याण्णवांना ते यंत्र दिसत नाही, त्यांना फक्त रंग आणि दिवे दिसतात. ज्याला दिसते तो कठड्यापाशी उभा राहून कुरकुरतो. त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. पण तो आपली पोरे वर बसली आहेत म्हणून हात नळीवर ठेवतो, आणि त्याचे पैसे त्याला कोणी देत नाही.

मौज अशी की अशा उद्यानांच्या मुळाशीही एक कंटाळलेला बापच आहे. वॉल्ट डिस्ने सांगत असे की लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये दर शनिवारी तो आपल्या दोन मुलींना घेऊन जाई. मुली मेरी-गो-राऊंडवर फिरत आणि तो एकटा बाकावर बसून शेंगदाणे खात असे. आईबाप आणि मुले दोघांनाही मजा येईल असे काहीतरी का असू नये, हा विचार त्याला त्या बाकावर सुचला. तो बाक आता डिस्नेलँडमध्ये जपून ठेवला आहे म्हणतात. आम्ही गेलो होतो तिथे बाक होते, पण सावलीत नव्हते. आणि शेंगदाणे आईच्या चटणीत होते, दाराबाहेर.

डिस्नेला सुचलेली गोष्ट त्याच्या हातून किती साधली यावर मला शंका आहे. बाप पाळण्यात बसला की त्यालाही मजा येईल, असे त्याने धरले. पण बारा तास यंत्रापाशी उभा राहणाऱ्या माणसाची सुट्टी यंत्रापासून दूर असते. माझ्या वडिलांना सुट्टीत निजायला आवडते. वऱ्हाळादेवीच्या तलावावर संध्याकाळी जाऊन नुसते बसायला आवडते. तिथे कोणी काही फिरवीत नाही. ते एस्सेल वर्ल्डला कधी गेले नाहीत, जरी त्यांच्या ऐन पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याची जाहिरात दूरदर्शनवर लागत होती आणि गल्लीतली सगळी पोरे ती तोंडपाठ म्हणत होती. भिवंडीहून ठाणे, ठाण्याहून दादर, तिथून बोरिवली, मग खाडीवर लाँच. एवढ्या प्रवासाला त्यांच्या वडिलांकडे पैसे नव्हते. २०२२ साली ते बंद झाल्याची बातमी बाबांनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखविली होती. पुढे काही म्हणाले नाहीत.

येथवर मी त्यांची बाजू मांडली. आता उरलेले.

पहिली गोष्ट आईची. त्या दिवशी सर्वांत आधी उठली ती आई, सर्वांत जास्त वजन उचलले तिने, आणि जिचे श्रम टेबलावर ठेवून चिठ्ठी दिली तीही तीच. ती कुरकुरली नाही. तिचा स्वभाव गोड आहे म्हणून नाही. चांगली खरमरीत बोलू शकते ती. पण सहलीत कुरकुरायचा हक्क घरात एकालाच असतो, आणि तो आधीच वापरला गेलेला असतो. दोघेही चिडले तर सहल मोडते. म्हणून एक जण चिडतो आणि दुसऱ्याला सांभाळून घ्यावे लागते. त्यातून सांभाळणे कोणाच्या वाट्याला येते ते सांगायला नको. कुरकुरणाऱ्या बापावर विनोदी लेख तरी निघतात. शेजारी गप्प बसलेल्या बाईवर ओळसुद्धा निघत नाही, कारण तिने हसण्यासारखे काही केलेले नसते.

दुसरी गोष्ट धाकटीची. ती मला जास्त लागते. त्या दिवशी दुपारनंतर ती एकाही पाळण्यात बसली नाही. पोट दुखते म्हणाली. परतीच्या बसमध्ये मला हळूच विचारले, "सहा पाळ्या म्हणजे किती दिवस रे, दादा?" मी म्हटले, सहा दिवस. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मला वाटले, विसरेल.

यंदा ती आठवीत आहे. डिसेंबरात तिच्या शाळेची सहल गेली. आम्हाला घरी काहीच माहीत नव्हते. जानेवारीत आई तिचे दप्तर धूत होती तेव्हा भूगोलाच्या पुस्तकात घडी घातलेली पत्रिका सापडली. नऊशे रुपये, पालकांची सही, आणि तारीख उलटून गेलेली. आईने ती बाबांच्या हातात दिली. बाबांनी चश्मा लावून दोनदा वाचली आणि विचारले, "मला सांगायचं नाही का?" ती म्हणाली, "तुमची दीड पाळी गेली असती."

बाबांनी तिला पाळ्यांत मोजायला शिकविले नव्हते. ते आपल्या जिवाला बोलत होते. पण ज्यांचा आवाज मोठा असतो त्यांचे स्वतःशी बोलणेही घरभर ऐकू जाते. बापाच्या कुरकुरीतला हिशोब कितीही खरा असला तरी तो अशा ठिकाणी, अशा वेळी मांडला जातो की त्याचे ओझे बारा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर पडते. तिकीट काढून झालेले असते, मागे फिरायची वाट नसते, समोर पाळणा फिरत असतो आणि कानावर येतात सहा पाळ्या. मग ते मूल दोनपैकी एक करते. एक तर बापाला हसायला शिकते, तिकिटाच्या रांगेतल्या त्या मुलासारखे. नाहीतर मागायचे सोडून देते. आमच्या धाकटीने दुसरे केले आणि मला ते पहिल्यापेक्षा वाईट वाटते.

माझ्या वर्गातल्या मित्रांशी या विषयावर बोललो. एकाचे म्हणणे असे की बापाने अशा दिवशी तोंड मिटून राहावे, एक दिवस तर आहे. दुसऱ्याचे म्हणणे, परवडत नाही तर जाऊच नये, मुलांनी समजून घ्यावे. मला दोन्ही पटत नाही. तोंड मिटलेला बाप मुलांना कळतो. त्याचा न घेतलेला घास त्यांना दिसतो. आणि मुलांनी समजून घ्यावे म्हणणाऱ्यांनी आमच्या धाकटीकडे पाहावे. तिने इतके समजून घेतले की नऊशे रुपये कोणी मागितलेच नाहीत. मला वाटते हिशोब व्हावा, मोठ्याने व्हावा, पण निघण्याआधी व्हावा, आणि त्यात सगळ्यांना बोलता यावे. यात्रेत जे पाळण्यापाशी होत होते ते आता घरी, जेवण झाल्यावर, व्हायला हवे. कारण उद्यानाच्या दारात ते होण्याची सोय आता कोणी ठेवलेली नाही. किती आहेत, कशाला किती, काय सोडायचे, आईला पहाटे चारला उठायचे आहे की नाही. एकदा ठरले की त्या दिवशी गणित बंद.

हे सांगायला सोपे आहे आणि आमच्या घरात ते अजून नीट जमलेले नाही. पत्रिका सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा दिवसपाळीवरून आले, जेवले आणि धाकटीला म्हणाले, "कागद आण." दोघे बसले. बाबा आकडे सांगत होते आणि ती लिहीत होती. त्यांना ऐकू जावे म्हणून तीही मोठ्याने बोलत होती, त्यामुळे शेजाऱ्यांना आमच्याकडे भांडण चालले आहे असे वाटले आणि शेजारच्या काकू चौकशीला आल्या. आईने स्वयंपाकघरातून सांगितले की वज्रेश्वरीला गेलो तर डबा ती करणार नाही, यात्रेतली भजी खायची. तेही लिहिले गेले.

यंदा चैत्रात जायचे ठरले आहे. धाकटीच्या कागदावर पाळण्याच्या दोन फेऱ्या आहेत, एक तिची एकटीची आणि एक बाबांबरोबरची. बाबांनी दुसरी अजून मान्य केलेली नाही. आधी पाळणेवाल्याशी बोलून बघतो, म्हणाले आहेत.